माहितीपट कोणासाठी?

"माहितीपट? त्यात काय बघायचं? माहिती हवी तर नेट आहे की!"

पणजीतल्या एका माहितीपट महोत्सवासाठी दोन दिवसांची रजा टाकली, तेव्हा कचेरीतल्या मित्राने मला हे ऐकवलं. मी हसलो. पण पहिल्याच खेळाला भल्यामोठ्या सभागृहात आम्ही जेमतेम वीस जण दिसलो, तेव्हा हसू आलं नाही.

दोष एकट्या मित्राचा नाही. 1948 साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढलं. त्यांचे अनुबोधपट चित्रपटाआधी दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. धरणं, कारखाने, उद्घाटनं! तेवढ्यात बाहेर चणे घेऊन यायचे, ही सवय आपल्याला तिथे लागली. पण त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये शास्त्रींनी 1967 साली 'आय अ‍ॅम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलं त्यात देशाबद्दल मोकळेपणी बोलतात, शंकाही काढतात. सरकारी पैशातूनही खरं बोलता येतं, हे सरकारी कारकुनाने तरी विसरू नये.

आता आपल्या घरचं उदाहरण. साळावली धरणाखाली सांगे तालुक्यातलं कुर्डी बुडालं. मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. माणसं वाडें, वालकिणीला गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरतं, गाव वर येतं आणि ही माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला परत जमतात. आमच्या फायलीत भूसंपादन म्हणजे सर्वे नंबर, क्षेत्रफळ आणि रक्कम. आपल्या घराच्या जोत्यावर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा कुठल्या रकान्यात लिहायचा? तो दाखवायला कॅमेराच लागतो. सौम्यानंद साही यांनी कुर्डीवर माहितीपट केलेला आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला?

आयोजकांचं ठरलेलं उत्तर असतं, "लोक येत नाहीत हो!" हे मला मुळीच पटत नाही. जत्रेतलं नाटक उजाडेपर्यंत बघणारे आम्ही गोंयकार, तासाभराच्या माहितीपटाला कंटाळू? कामाच्या दिवशी सकाळी अकराला, पणजीत, इंग्रजी पत्रिका छापून खेळ लावायचा आणि वर लोकांना रसिकता नाही म्हणायचं! सांग्याच्या शेतकऱ्याने दोन बस बदलून स्वतःचीच गोष्ट बघायला राजधानीत यावं काय?

कुडचड्याला रवींद्र भवन आहे, साखळीला आहे. गावोगावी देवळांचे मंडप आहेत. एक प्रोजेक्टर, एक पडदा आणि रविवारची संध्याकाळ, एवढंच लागतं. पत्रिका मराठीत आणि कोकणीत काढा, खेळानंतर ध्वनिक्षेपक गावकऱ्यांच्या हातात द्या. ते जे बोलतील ते ऐकायला अधिकाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसावं. ही भीती नसेल, तर पुढचा महोत्सव कुडचड्याला भरवून दाखवा. रजेचा अर्ज मी आजच लिहून ठेवतो.