साहेब, दहानंतर घड्याळ पुरे

प्रति,
वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
आमच्या भागाचे पोलीस ठाणे



गेल्या महिन्यात सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर हळदीचा डीजे लागला. सव्वाअकराला तावदानं थरथरत होती आणि मांडणीवरची भांडी आपली वेगळीच साथ करत होती. 112 ला फोन लावला. अर्ध्या तासाने दोन हवालदार आले. बोलायला अगदी नम्र, हे आधी नोंदवतो. म्हणाले, "काका, आवाज मोजायचं मशीन ठाण्यात नाही. डेसिबल कळल्याशिवाय कारवाई कशी करणार?"

मला ते तेव्हा पटलंही. मग 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम काढून वाचले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. ती तपासायला मशीन हवंच. पण रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवायलाच मनाई आहे. सातव्या नियमात तक्रारीची कारणं दोन: आवाज मर्यादेच्या 10 डेसिबल वर जाणं, किंवा रात्रीच्या निर्बंधाचा भंग. मधला शब्द 'किंवा' आहे, साहेब. दुसऱ्या कारणाला हवालदारांच्या मनगटावरचं घड्याळ पुरतं.

सवलतीचे दिवस असतात, ठाऊक आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15, तेही मध्यरात्री 12 पर्यंत. एखाद्या घरची हळद त्यात बसत नाही. (आमच्या मुलीच्या हळदीला मीही नाचलोय. पावणेदहाला प्लग काढला तेव्हा व्याही थोडे फुगले, एवढंच.)

त्या रात्रीचं पुढचं जास्त बोचलं. हवालदार वळले आणि दहा मिनिटांत मांडवातली चार पोरं दारात. "काका, फोन तुम्हीच केला ना?" आवाज चढलेला नव्हता. तरी समोरच्या बिऱ्हाडाने आतला दिवा घालवला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की तक्रारदाराची ओळख पोलिसांनी उघड करू नये. माझं नाव कुठून फुटलं, याची चौकशी मागत नाही. पुढच्या वेळी ते ठाण्याबाहेर जाऊ नये, इतकंच.

येत्या गुरुवारी त्याच प्लॉटवर पुन्हा हळद आहे; मांडवाचे बांबू आजच उतरले. 10 वाजून 1 मिनिटाने माझा फोन येईल. मशीन आणू नका.

आपला,
मागच्या इमारतीतला एक रहिवासी