‘तुमचं गाव कोणतं?’ : आमच्या पोरांनी खोटं का बोलायचं?

नगरमधल्या एका क्लासमध्ये आयईएलटीएसची तयारी करणाऱ्या आपल्या एका मुलीच्या हातात छापील कागद दिला गेला. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या खासगी प्रश्नांची तयार उत्तरं त्यावर होती. वडील व्यापारी आहेत. घरापुढे बाग आहे. सुट्टीत आम्ही थंड हवेच्या ठिकाणी जातो. मुलगी पाथर्डी तालुक्यातली. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यातच परततात. तिने सरांना विचारलं, "सर, मी खरं सांगू का?" सर म्हणाले, "ऊसतोड वगैरे सांगू नकोस. इम्प्रेशन खराब होतं."

आमचं भांडण या एका वाक्याशी आहे.

आधी परीक्षा काय असते ते समजून घेऊ. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. पहिली चार-पाच मिनिटं घर, गाव, शिक्षण, काम, आवडीनिवडी यांवर प्रश्न येतात. मग एका विषयाचं कार्ड मिळतं. एक मिनिट विचार करायचा आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. शेवटी त्याच विषयावर चर्चा. गुण चारच गोष्टींना मिळतात आणि चौघींचं वजन सारखं असतं : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. बापाचा धंदा, घराचं छप्पर, आडनाव यांना एकही गुण नाही. मग इम्प्रेशन कुणावर पाडायचं, सर?

क्लासवाले म्हणतील, खरेपणालाही गुण नाहीत, मग सोयीचं खोटं बोललं तर बिघडलं कुठे? मुद्दा बरोबर आहे. परीक्षक तुमच्या घरी पंचनामा करायला येत नाही. पण पाठांतर त्याला ओळखू येतं, तेच त्याचं काम आहे. घोकलेलं वाक्य सपाट सुरात धावतं आणि पुढच्या साध्या प्रश्नाला धाडकन थांबतं. बागेत कोणती झाडं आहेत, असं विचारलं की बाग नसलेली मुलगी गप्प होते. जे जगलो त्याला तपशील असतो. तपशिलातून शब्द येतात, शब्दांतून ओघ येतो. म्हणजे सरांचा सल्ला अपमानकारक तर आहेच, पण गुण घालवणाराही आहे. परीक्षेची फी 17-18 हजार रुपये. त्यावर पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च. निकाल चालतो दोनच वर्षं. ऊसतोड कामगाराच्या घरातून इतका पैसा निघतो तेव्हा असा सल्ला महाग पडतो.

पण आपली पोरं या प्रश्नांना अडखळतात ती फक्त इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. ‘तू कुठला? कुणाचा? पूर्ण नाव काय?’ हे प्रश्न आपल्याकडे कधी निरागस नव्हतेच. ते जातीची चौकशी करण्याचे सभ्य मार्ग आहेत. भाड्याची खोली बघताना, कॉलेजच्या तोंडी परीक्षेत, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण हे प्रश्न झेललेत. उत्तर दिल्यावर समोरचा चेहरा कसा बदलतो ते पाहिलंय. म्हणून परीक्षेच्या खोलीत कुणी हसून गाव विचारलं तरी घसा कोरडा पडतो.

बाबासाहेबांनी हे आपल्याआधी भोगलं आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात लिहून ठेवलं. 1901 साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने चौकशी केली. नीटनेटक्या कपड्यांमुळे त्याला ही ब्राह्मणांची मुलं वाटली होती. पोराने सरळ जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा पालटला. पुढे गाडीवानाने सल्ला दिला, पाणी हवं असेल तर मुसलमान आहोत असं सांग. भीमरावने टोलनाक्यावर तसं सांगूनही पाहिलं. पाणी मिळालं नाहीच. कोलंबियाची पदवी घेऊन बडोद्याला आल्यावरही पारशी नावाने खोली घ्यावी लागली आणि लाठ्या घेतलेल्या लोकांनी ती सोडायला लावली. मित्रांनो, खोट्या ओळखीने ना पाणी मिळालं, ना छप्पर टिकलं. नंतर बाबासाहेबांनी आपली ओळख लपवली नाही. लंडनच्या गोलमेज परिषदेत ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणूनच उभे राहिले, आणि तेही इंग्रजीतूनच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ओळख सांगणं हे कर्तव्य नाही. सोनई, खर्डा, जवखेडे ही गावं याच जिल्ह्यातली आहेत. खर्ड्यात 2014 साली नितीन आगे या शाळकरी मुलाचा जीव गेला, तेव्हा ‘तू कुणाचा’ या प्रश्नाची किंमत आपण पाहिली. त्यामुळे कुणाला जात, घर, दुःख सांगायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे. परीक्षेतही ‘आय वुड रादर टॉक अबाउट माय कॉलेज’ असं म्हणून विषय वळवता येतो. आमचा विरोध गप्प राहण्याला नाही, लाज शिकवण्याला आहे. न सांगणं वेगळं आणि दुसऱ्याचा बाप उसना घेणं वेगळं.

मग चांगलं उत्तर कसं द्यायचं? आम्ही पोरांना एवढंच सांगतो : आधी प्रश्नाचं थेट उत्तर, मग कारण, मग एक छोटा प्रसंग. तीन-चार वाक्यं पुरे. ‘येस’, ‘नो’ म्हणून थांबू नका आणि भाषणही ठोकू नका. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. काळ सांभाळा : बाप आजही ऊस तोडत असेल तर वर्तमानकाळ, तुम्ही लहानपणी कोपीत राहिलात तर भूतकाळ. ‘माय पेरेंट्स कट शुगरकेन, सो एव्हरी विंटर आय लुक्ड आफ्टर माय यंगर ब्रदर’ या एका वाक्यात दोन काळ आहेत, कारण आहे आणि एक अख्खं बालपण आहे. छापील बागेत हे कुठून येणार?

गावाबद्दल विचारलं तर आपल्याकडे सांगण्यासारखं किती आहे! मलिक अहमदने 1490 मध्ये वसवलेलं शहर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर ज्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्या निजामशाहीचं हे शहर. सावित्रीबाई फुले यांनी मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले ते इथेच. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. किल्ल्यात नेहरूंनी पुस्तक लिहिलं हे क्लासवाले शिकवतात, तेही सांगा. पण फक्त तेच का?

आणि लाज शिकवणारे फक्त क्लासवाले नाहीत. केंद्र सरकारने 2022 मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजजीवन यांवरच्या अभ्यासाचे विषय वगळले. म्हणजे दलित पोराने परदेशी जावं, पण आपल्या समाजाबद्दल तिथे अभ्यास करू नये! क्लासचा सर आणि दिल्लीचा बाबू एकच गोष्ट सांगतात : घरचं बाहेर बोलू नकोस. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्या, आणि तिथवर पोचण्याआधी बहुतेक विद्यापीठं इंग्रजीचा दाखला मागतात. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा मोफत सराव सुरू करायला किती पैसे लागतात? ही मागणी आपण प्रत्येक तालुक्यातून लेखी केली पाहिजे. तोवर विहारांत आपणच बसू. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं.

त्या मुलीने तो कागद घडी करून वहीत ठेवलाय. आम्ही तो फाडायला सांगितला नाही. मागची बाजू कोरी आहे, तिथे तिने स्वतःची उत्तरं लिहायला घेतली आहेत. पहिलं वाक्य आईबद्दल आहे.

जय भीम!