रोपे किती, यापेक्षा मातृवृक्ष किती?

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात काथलेकान येथे गोड्या पाण्याची एक दलदल आहे. तेथे वाढणारा सेमेकार्पस काथलेकानेन्सिस हा आपल्या परिचित बिब्ब्याचाच कुळबंधू. इतका मोठा वृक्ष असूनही वनस्पतिशास्त्रात त्याची नोंद झाली ती थेट २००० साली, आणि तेव्हाही तो मोजक्याच संख्येने उरला होता. अशा दलदली सुपारीच्या बागांसाठी आणि भातशेतीसाठी शतकानुशतके आटवल्या गेल्या आहेत.

अशा वृक्षाचे पुनरुज्जीवन म्हणजे बिया गोळा करून रोपे लावणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. या जातीत नर आणि मादी वृक्ष वेगवेगळे असतात. बिया मिळतात त्या केवळ मादीकडून, आणि फुलोरा येईपर्यंत रोपाचे लिंग बाह्यरूपावरून कळत नाही. समजा, पन्नास प्रौढ वृक्ष आहेत. नर-मादी निम्मे-निम्मे असतील, तर जनुकशास्त्राच्या हिशेबाने ते पन्नासच भरतात. नर मात्र पाचच असतील, तर तेच पन्नास वृक्ष जेमतेम अठरांच्या तोलाचे ठरतात. डोळ्यांना दिसणारे रान आणि वारशात उतरणारे रान एकच नसते.

त्यात रोपवाटिकेची सोय आडवी येते. वाटेजवळचा, भरपूर फळणारा एखादा वृक्ष गाठून त्याच्याच बिया पोत्यात भरल्या, तर हजार रोपे तयार होतील. पण ती सारी एकाच आईची लेकरे. पुढे त्यांचा आपसांत संकर झाला की अंतःप्रजननाचे दोष डोके वर काढतात. हे दिसायला कित्येक दशके लागतात. अहवाल मात्र त्याच वर्षी पूर्ण होतो!

येथे पानाच्या तुकड्यातील डीएनए उपयोगी पडतो. कोणते वृक्ष परस्परांचे निकटचे आप्त, कोणत्या दलदलीत दुर्मीळ जनुकरूपे टिकून आहेत, हे त्यावरून कळते. अर्थात, दूरदूरच्या बिया सरसकट मिसळणे हाही उपाय नव्हे. स्थानिक पाण्याशी, मातीशी जुळलेले गुण त्यात विरून जाऊ शकतात. किती मिसळावे, याचा निर्णय तपासणीशिवाय घेणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

या दलदलींतील जायफळ कुळातील वृक्षांच्या बिया तर वाळवून बीजपेढीत साठवताही येत नाहीत. त्यांच्यासाठी उभा वृक्ष हीच पेढी. म्हणूनच पुनर्लागवडीच्या प्रत्येक प्रस्तावात रोपांच्या आकड्याशेजारी मातृवृक्षांचा आकडा अनिवार्य असावा, आणि बियांच्या प्रत्येक पिशवीवर तिच्या मातृवृक्षाचा क्रमांक असावा. या चिठ्ठीला खर्च जवळजवळ नाहीच. डीएनए तपासणीला आहे, पण फसलेल्या लागवडीपेक्षा तो खचितच कमी.