चेंडूविना छत्तीस मिनिटे

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षांखालील मुलांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहण्याचा योग आला होता. त्या सामन्याविषयी तेव्हाच लिहावे असे मनात असूनही लेखणी आवरली, कारण पराभूत संघाचे प्रशिक्षक आमचे जुने वर्गणीदार आहेत आणि एका दुपारच्या खेळावरून कोणाच्या वर्षभराच्या मेहनतीचा पंचनामा करणे आम्हांला न्याय्य वाटत नव्हते. या महिन्यात त्यांचेच पत्र आले, त्या सामन्याचा विषय त्यांनीच काढला आणि लिहिण्याची मुभाही दिली. म्हणून ती कैफियत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या दिवशी आमच्या शेजारी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. पराभूत संघ त्यांच्या नातवाच्या शाळेचा, आणि त्या शाळेचे सामने ते स्वतः विद्यार्थी होते तेव्हापासून पाहत आलेले. तिसऱ्या सत्रात संघ सहा गुणांनी मागे पडला, आणि तेथून पुढे लागोपाठ चार हल्ल्यांत चेंडू एकाच उंच मुलाच्या हातात राहिला. मध्यरेषेपासून ड्रिबल करीत तो येई, दोघा बचावपटूंना अंगावर घेई, आणि त्याचे चौघे सोबती कमरेवर हात ठेवून, जणू आपला या व्यवहाराशी संबंध नाही अशा मुद्रेने, जागच्या जागी उभे राहत. चौथ्या वेळी चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळून उंच उडाला. बोर्डाखाली या संघाचे तिघे होते. तिघांच्याही माना वर होत्या, एकानेही प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवले नव्हते, आणि त्यांच्या खांद्यालाही न लागणारा एक मुलगा त्या तिघांच्या मधून वाट काढून आला व चेंडू घेऊन गेला. गृहस्थ म्हणाले, "साहेब, हरतायत याचं दुःख नाही हो. हरणं मी पुष्कळ पाहिलंय. पण पाच पोरं मैदानात आहेत आणि खेळतोय एकटाच, हे बघवत नाही." बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

प्रेक्षकाची तक्रार आपण प्रशिक्षक बहुधा वाचल्यावाचून दफ्तरदाखल करतो. त्याला तंत्र कळत नाही, त्याला फक्त जय हवा असतो, असे आपण एकमेकांना सांगतो. आमचा अनुभव निराळा आहे. ज्याने एका संघावर वर्षानुवर्षे जीव लावला आहे, त्याला झोन बचावाचे प्रकार सांगता येणार नाहीत कदाचित; परंतु पास वेळेवर गेला नाही, कापून आत धावणाऱ्याकडे कोणी पाहिले नाही, रिबाउंडसाठी कोणी अंग टाकले नाही, हे त्याच्या जिवाला पंचाच्या शिट्टीआधी लागते. त्याची फिर्याद पराभवाविरुद्ध नसते; करता येण्यासारखे असून जे केले गेले नाही, त्याविरुद्ध असते.

ही फिर्याद केवळ तालुक्याच्या मैदानावरची नाही, हे ज्यांनी २००४ सालची अथेन्सची ऑलिंपिक स्पर्धा पाहिली त्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या संघात टिम डंकन होता, ॲलन आयव्हर्सन होता, आणि पुढे ज्यांनी या खेळावर आपली मुद्रा उमटविली ते लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड व कार्मेलो अँथनी हे कोवळ्या वयाचे तिघेही होते. १५ ऑगस्ट रोजी पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोने या संघाला ९२–७३ असे हरविले. मध्यंतरालाच अमेरिका बावीस गुणांनी मागे होती, आणि तीन गुणांच्या चोवीस प्रयत्नांपैकी तिचे तीनच सफल झाले. पुढे लिथुएनियाकडून ९४–९० असा आणि उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ८९–८१ असा पराभव झाला. त्याआधीच्या सर्व ऑलिंपिक स्पर्धांत मिळून अमेरिका दोनच सामने हरली होती, १९७२ साली म्युनिकला व १९८८ साली सोलला, आणि दोन्ही वेळा सोव्हिएत संघाकडून. अथेन्समध्ये एका पंधरवड्यात तीन. शेवटी कांस्यपदक मिळाले खरे, परंतु तिकडच्या चाहत्यांनी जो संताप व्यक्त केला तो पदकाच्या रंगापुरता नव्हता. आपल्याच देशात जन्मलेला खेळ आपलीच मुले विसरली, ही ती वेदना होती.

त्या पराभवाची कारणे आम्हा प्रशिक्षकांनी शांतपणे तपासण्यासारखी आहेत, कारण ती दूरची नाहीत. आधी पाचारण केलेल्यांपैकी बहुतेक खेळाडूंनी नकार दिल्यावर नवी मंडळी गोळा करावी लागली आणि त्यांना एकत्र तालमीसाठी काही आठवडेच मिळाले. लॅरी ब्राउन यांच्यासारखा मूलतत्त्वांचा कट्टर आग्रही प्रशिक्षक लाभूनही एवढ्या मुदतीत बारा स्वतंत्र वृत्तींचा संघ घडला नाही. त्याहून खोल कारण नियमांत दडलेले होते. एनबीएमध्ये २००१ सालापर्यंत झोन बचावाला मनाई होती. प्रत्येक बचावपटूला आपल्या माणसाशी बांधून राहावे लागे, आणि त्यामुळे एक बाजू मोकळी करून आपल्या सर्वोत्तम खेळाडूला एकास एक झुंजू देणे हा तिथला शिरस्ता होऊन बसला होता. ज्या पिढीचे संस्कार या शिरस्त्यात झाले, तिच्यासमोर अथेन्समध्ये बोर्डाजवळचा प्रदेश दाटून टाकणारे झोन उभे राहिले. एकट्याने घुसावे तर तीन माणसे आडवी. बाहेरून मारावे तर नेम नाही. आणि झोन ज्याने फुटतो ते जलद, अपेक्षेआधीचे पास अंगवळणी पडलेले नाहीत. यात बुद्धीची किंवा शौर्याची कसूर नव्हती. जे घोटून घेतलेले नव्हते ते ऐन वेळी आठवले नाही, इतकेच.

समोरच्या अर्जेंटिनाकडे पाहावे. मनू जिनोबिलीने उपांत्य सामन्यात २९ गुण केले, म्हणून त्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. पण रुबेन मान्यानो यांच्या त्या संघाचा आत्मा त्याच्या गुणांत नव्हता. स्कोला, नोसियोनी, ओबेर्तो, पेपे सांचेझ ही मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांसोबत खेळलेली. दोन वर्षांपूर्वी, २००२ साली, इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत त्यांनीच एनबीएच्या खेळाडूंनी भरलेल्या अमेरिकी संघाला इतिहासात प्रथमच, ८७–८० असे, नमविले होते. त्यांचा बचावपटूच्या पाठीमागून रिंगकडे कापून जाणारा माणूस ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बचावपटूचे डोळे चेंडूकडे वळले की त्याच क्षणी तो निघे, आणि तो निघण्याआधीच पास देणाऱ्याला ते कळलेले असे. दहा वेळा निघून आठ वेळा चेंडू न मिळाला तरी अकराव्या वेळी तो त्याच वेगाने निघत असे. अंतिम सामन्यात इटलीला ८४–६९ असे हरवून त्यांनी सुवर्णपदक नेले.

या ठिकाणी खेळाच्या मूळ सनदेची आठवण करून देणे प्राप्त आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला, तेव्हाच्या तेरा नियमांत चेंडू घेऊन धावण्यास स्पष्ट बंदी होती. जिथे चेंडू झेलला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकला पाहिजे, असा दंडक होता. ड्रिबल मागाहून आले. म्हणजे सोबत्याला चेंडू देणे हा या खेळातील सद्गुण नव्हे, ती त्याची घटनाच आहे. आपल्या खो-खोकडे पाहिले तर हेच दिसते. धावणारा कितीही चपळ असो, योग्य क्षणी खो न देता एकट्यानेच पाठलाग करीत राहिला तर गडी निसटतो; आणि चौकात बसलेले आठ जण टाचा उचलून, शरीराचा तोल पुढे ठेवून, खो आपल्यालाच मिळणार अशा तयारीने बसलेले नसतील, तर वेळेवर दिलेला खोही वाया जातो. बसलेला गडी स्वस्थ नसतो, हे आपण खो-खोत पहिल्या दिवशी शिकवतो. बास्केटबॉलमध्ये उभा असलेला गडी स्वस्थ नसावा, हे शिकवायचे मात्र राहून जाते.

साधा जमाखर्च मांडू. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानात खेळाडू दहा, चेंडू एक. सारखी वाटणी धरली तर एकेकाच्या वाट्याला चेंडू चार मिनिटे येतो; उरलेली छत्तीस मिनिटे त्याला चेंडूविना खेळायचे असते. आपल्या तालमीत या छत्तीस मिनिटांना किती वेळ मिळतो? मुले मैदानात येतात, प्रत्येकाच्या हातात चेंडू असतो, ड्रिबल, ले-अप, लांबून नेम, आणि संध्याकाळ होते. स्क्रीन लावून पाय रोवून उभे राहणे, लावल्यावर वळून रिंगकडे जाणे, सोबती अडकला असता त्याच्याकडे धावून जाणे, चेंडू उडताच आधी माणूस शोधून त्याच्याशी पाठ लावणे आणि मग वर पाहणे, या गोष्टी तोंडी सांगून सोडल्या जातात. जिल्हा निवड चाचणीतही तेच. दोन तासांत ज्याने अधिक टोपल्या केल्या तो नजरेत भरतो, आणि निरनिराळ्या शाळांचे असे बारा जण चार दिवसांच्या शिबिरानंतर संघ म्हणून पाठविले जातात. अमेरिकेचे जे अथेन्समध्ये झाले ते आपण दरवर्षी जाणूनबुजून करतो, हे आम्ही अत्यंत खेदाने नमूद करीत आहोत, आणि निवड समितीवर बसलेल्या वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे की चाचणीच्या कागदावर चेंडूविना केलेल्या कामाचा एक रकाना त्यांनी या हंगामापासून अवश्य आखावा.

मूलतत्त्वे शिकविणे हे कनिष्ठ दर्जाचे काम आहे, असा एक गैरसमज तरुण प्रशिक्षकांत आढळतो. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविणारे यूसीएलएचे जॉन वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी नामांकित खेळाडूंना मोजे कसे घालावेत व बुटाची नाडी कशी बांधावी हे शिकवीत, कारण मोज्याला सुरकुती पडली तर फोड येतो आणि फोड आला की तालीम चुकते. आणि अमेरिकेने पुढे काय केले तेही पाहावे. २००५ साली जेरी कोलँजेलो यांच्याकडे कारभार सोपवून खेळाडूंकडून तीन वर्षांची बांधिलकी मागितली. मध्यंतरी २००६ साली जपानमध्ये ग्रीसकडून, स्क्रीन लावून वळण्याच्या त्याच एका डावापुढे, पुन्हा १०१–९५ असा पराभव सोसला. आणि २००८ साली बीजिंगमध्ये स्पेनला ११८–१०७ असे हरवून सुवर्ण परत आणले. जेम्स, वेड, अँथनी तेच होते.

आता त्या पत्राकडे येतो. सामन्यानंतर त्या प्रशिक्षकांनी तालमीची पहिली वीस मिनिटे ड्रिबलवर संपूर्ण बंदी घातली: झेला, पिव्होट करा, द्या, आणि दिल्यावर थांबू नका. पहिले दोन दिवस खेळ जवळजवळ बंद पडला. चेंडू हातात घेऊन मुले गोंधळून उभी राहत, कारण जायचे कुठे हे चेंडू नसलेल्यांना ठाऊक नव्हते. उंच मुलगा तिसऱ्या दिवशी रागावून आलाच नाही; प्रशिक्षक त्याच्या घरी गेले, आईवडिलांसमोर काही न बोलता त्याला बाहेर ओट्यावर घेऊन बसले, आणि दुसऱ्या दिवशी तो आला. त्या दिवशी त्याने दोघांच्या गराड्यातून, उडी न मारता, न पाहता, उजव्या कोपऱ्यातून कापून येणाऱ्या एका ठेंगण्या मुलाकडे छातीच्या उंचीवर नेमका पास टाकला. तो मुलगा मोकळा होता, रिंगपासून दोन पावलांवर होता. पण त्याचे हात खाली होते, आणि चेंडू त्याच्या खांद्यावर आपटून रेषेबाहेर गेला. वर्षभरात त्या जागी त्याला कोणी चेंडू दिलाच नव्हता. सध्या त्याचे हात तयार करण्याचे काम चालू आहे, असे प्रशिक्षकांनी कळविले आहे.