पुरात भिजलेली गोधडी

साताऱ्याकडच्या डोंगरात पाऊस कोसळू लागला, की सांगलीत बायकांचा जीव खालीवर होतो. महाबळेश्वरची कृष्णा आणि कोयना कऱ्हाडला भेटतात, आणि दोघींचं पाणी मिळून सांगलीच्या दारात येतं. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर आपल्या लक्षात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट.

पाणी ओसरलं, की घरोघर एकच प्रश्न असतो. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी टाकवत नाही, आणि तान्ह्या बाळाखाली अंथरायचा धीरही होत नाही. मग कुणी म्हणतं, "महिनाभर ट्रंकेत ठेव, जंतू आपोआप मरतील." मैत्रिणींनो, हे मात्र खरं नाही.

सगळे जंतू सारखे नसतात. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी कलकत्त्यात पाहिलं, की पटकीचे जंतू ओल्या कापडावर भराभर वाढतात, पण कापड वाळलं की काही तासांत मरतात. उंदरांच्या लघवीतून पुराच्या पाण्यात येणारे लेप्टोचे जंतूही असेच ओलीवर जगणारे.

पण गळवं, पिकलेल्या पुळ्या करणारे स्टॅफिलोकोकस आणि पोटातले एन्टेरोकोकस चिवट. २००० साली अमेरिकेत सुती कापड, टॉवेल, पॉलिएस्टर वगैरेंवर ते सोडून पाहिले. सगळे किमान एक दिवस तरी जगले, काही तर ९० दिवसांच्या वर! जंतू थोडे होते तिथे ते लवकर मेले, तरी बहुधा काही दिवस टिकलेच. म्हणजे आपलं काम दोन गोष्टींचं: धुऊन जंतूंची संख्या कमी करायची, आणि ओल मुळीच ठेवायची नाही.

आता कृती सांगते. आधी हातमोजे घाला. चिखलात धनुर्वाताचे जंतू असतात, आणि ते साध्या उकळीनेही सहजी मरत नाहीत. हाताला चीर असेल, तर इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. गाळ बाहेरच झटकून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत कपडे खळबळा. मग साबणाने धुवा. सुती कपडे, अभ्रे, लंगोट उकळी फुटल्यावर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. गोधडी भांड्यात मावत नसेल, तर टबात घालून वर उकळतं पाणी ओता, अर्धा तास ठेवा, पुन्हा धुवा. रंग थोडा उतरेल, उतरू दे. लोकरी-रेशमी कपडे उकळू नका. ते साबणाच्या दोन-तीन पाण्यांतून काढून नीट वाळवा. ब्लीचिंग पावडर वापरलीत, तर संडास धुण्याचं अ‍ॅसिड तिच्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो.

ऊन फक्त वरच्या थराला लागतं, म्हणून गोधडी दोन-तीन दिवस उलटसुलट करा. टाक्यांवर तळहात दाबून पाहा. गार लागली, तर आत ओल आहे. घडी घालू नका. कापसाच्या गादीत गटाराचं पाणी मुरलं असेल, तर कापूस टाका, खोळ उकळून ठेवा.

पूर नसला तरी साताऱ्याच्या संततधारेत कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. त्यांचा तो कुबट वास जंतूंचाच असतो. इस्त्री फिरवून ते कोरडे करा, टॉवेल माणशी वेगळा ठेवा, ओटा पुसायचं फडकं रोज उकळा.

गोधडी मात्र टाकू नका. धुतलेली, उकळत्या पाण्यातून काढलेली आणि आतपर्यंत खडखडीत वाळलेली असेल, तर बाळाला खुशाल तिच्यावर निजवा.