दुसऱ्या टप्प्यावर



गेल्या जुलैत भाचीबरोबर जपानमधल्या फुजी पर्वतावर गेले होते. अंक लांबला त्याला हेही एक कारण, रागावू नका.

फुजीचा शेवटचा उद्रेक १७०७ सालचा. तेव्हापासून तो गप्प आहे म्हणून आपण त्याला निद्रिस्त ज्वालामुखी म्हणतो. तिथले शास्त्रज्ञ मात्र त्याला जागृतच धरतात. वाटेचे दहा टप्पे मानतात. पाचव्यापर्यंत बस जाते, बहुतेक लोक तिथूनच चढायला लागतात. आम्ही खालून, योशिदाच्या जुन्या यात्रेच्या वाटेने निघालो. मला दुसरा टप्पा पाहायचा होता.

तिथे झाडीत एक मोडकळीला आलेलं देऊळ आहे. कित्येक पिढ्या बाईने साधारण इथवर यायचं आणि मागे फिरायचं. कारण आपल्या ओळखीचंच: विटाळ. आणि पर्वताची देवता कोण, तर कोनोहानासाकुयाहिमे, पेटत्या झोपडीत बाळंत झालेली देवी! दर साठ वर्षांनी येणाऱ्या एका विशेष वर्षी नियम थोडा सैल होई, एवढंच. १८३२ साली तात्सू ताकायामा ही बाई पुरुषी वेशात, पुरुषांच्या जथ्याबरोबर थेट शिखरावर गेली. बंदी उठली ती १८७२ साली, सरकारी हुकुमाने. पर्वत काही कोपला नाही.

हे सगळं भाचीला सांगत होते, तर ती म्हणाली, "मावशी, आज माझा दुसरा दिवस." पाणी प्यायली आणि पुढे चालू लागली.

मी मात्र दगडावर बसले. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर २०१६ साली बायका गेल्या तेव्हा मी याच पानावर लिहिलं होतं. आणि सासरच्या एका पूजेसाठी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकललेली बाईही मीच, तीही संघटनेत आल्यानंतर. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. मीच दुकानात जाऊन आणल्या. कुठल्याच बैठकीत हे बोलले नाही.

रात्री पाचव्या टप्प्यावर मुक्काम केला. सकाळी सहाव्याच्या वर झाडं संपली, ढग हटले. मागे वळून पाहिलं तर उजव्या हाताला यामानाका सरोवर, डाव्या हाताला कावागुची. पायथ्याशी अशी पाच सरोवरं आहेत. त्यांतली साई आणि शोजी ही दोन एकेकाळी एकच होती. ८६४ च्या उद्रेकातल्या लाव्ह्याने त्यांचे तुकडे पाडले. इतकं शांत पाणी, खरं वाटत नाही.

सातव्या टप्प्यावर माझा गुडघा कुरकुरायला लागला. शिखर राहिलं. तिथेच बसून भाचीला गोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "आईपण घ्यायची की. दर गणपतीत."

माझी सख्खी बहीण! एका ताटात जेवलेल्या आम्ही, आणि मला हे कुठे कळावं!

जपानमध्येच ओमिने रांगेतल्या सान्जो शिखराच्या वाटेवर बायकांना मज्जाव करणारी पाटी आजही आहे. २००४ पासून तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण पाटी निदान दिसते तरी.

पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा: गोळ्या कुणी घेतल्या, कुणाच्या सांगण्यावरून, की कुणी न सांगताच, पुढे त्रास झाला का. पोस्टकार्ड चालेल. नाव नको असेल तर छापणार नाही. माझं पत्र पहिलं असेल, बहिणीला मी विचारलं आहे.