चेहऱ्यावरची सुई : भाडे घेण्याआधी डॉक्टर कोण ते विचारा

लगीनसराई जवळ आली की दादरच्या कापडबाजारात शालूबरोबर आणखी एका वस्तूची चर्चा ऐकू येते. ओठ भरदार करणे, नाक सरळ दिसावे म्हणून सुई मारून घेणे. याला फिलर म्हणतात. मुली आमच्या गादीवर बसूनच त्याचे भाव बोलतात.

आमच्या दुकानाला पोटमाळा आहे. गेल्या वर्षी एका पार्लरवाल्या बाईंनी तो भाड्याने मागितला. भाडे चांगले होते. सुई कोण मारणार, असे आम्ही विचारले. ‘कोर्स केलेली मुलगी आहे,’ असे उत्तर आले. आम्ही नकार दिला. बाजारातल्या काही भाईंनी आम्हाला वेड्यात काढले, म्हणून हे लिहीत आहोत.

वाचकांनी जरा दात आवळावेत. जबड्याच्या मागच्या बाजूला टणक स्नायू लागतो. त्याच्या अगदी पुढे, हाडाच्या खालच्या कडेवर बोट ठेवा. ठोका लागेल. ती चेहऱ्याची धमनी. (उर्दू शाळेत आम्ही तिला शिरयान म्हणत असू, आणि वरीद म्हणजे शीर. दोन्ही शब्द घोकताना मार खाल्ला आहे.) तेथून ती वळणे घेत ओठांच्या कोपऱ्याजवळून, नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे चढते आणि तेथे डोळ्याच्या धमनीच्या शाखांना मिळते. शिवाय तिची वाट प्रत्येकाच्या चेहऱ्यात थोडी निराळी असते.

आता सुईचे टोक धमनीत शिरले आणि जोराने दाबले, तर फिलर रक्ताच्या उलट दिशेने मागे सरकतो आणि पुढे डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकतो. नजर जाते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यात सर्वांत धोक्याची. असे क्वचित घडते हे खरे. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली याच धोक्याचा जाहीर इशारा दिला.

हायलुरॉनिक आम्लाचा फिलर असेल तर तो विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे औषध आहे. ते हाताशी हवे आणि ते वापरता येणारा डॉक्टर समोर हवा. दुसऱ्या प्रकारचे फिलर त्याने विरघळत नाहीत. सुईनंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग उठले, असह्य कळ आली किंवा दिसेनासे झाले, तर ‘सूज आहे, उतरेल’ हे ऐकून घरी जाऊ नये. दादरहून परळचे के. ई. एम. जवळ आहे, पण रक्त थांबलेला पडदा तास-दीड तासात कायमचा निकामी होऊ शकतो, आणि हिंदमातापाशी गाडी कशी चालते ते आपण जाणतोच.

आपण मिलचा शिक्का पाहिल्याशिवाय तागा उचलत नाही. मग मुलीच्या चेहऱ्यासाठी सीलबंद खोका, त्यावरचा बॅच नंबर, पक्के बिल आणि डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाज कसली? जागा भाड्याने देणाऱ्यानेही हेच मागावे.

आमच्या पोटमाळ्यावर सध्या ब्लाउज पीसचे गठ्ठे आहेत. नोंदणीचा कागद घेऊन कोणी डॉक्टर आले तर भाड्याची बोलणी करू.